एलियाहू, इल्यास, इल्या, एल्लोजी : एका हिब्रू नावाच्या शाखा

मीमांसक (धागाकर्ता)

मुंबईत महालक्ष्मी स्थानकाजवळून वरळीच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याला डॉ. ई. मोझेस मार्ग म्हणतात. कोकणातल्या यहुदी बेने इस्रायल समाजातले हे डॉक्टर १९३७-३८ साली मुंबईचे महापौर होते आणि त्यांच्या नावातला 'ई' म्हणजे एलायजा. हेच नाव हिब्रूत एलियाहू, मराठी बायबलात एलीया, कुराणात इल्यास, रशियात इल्या आणि स्वीडनपासून लेबनॉनपर्यंत एलियास या रूपांत वावरते. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाच्या यादीत २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी नवजात मुलग्यांच्या नावांत ते चौथ्या क्रमांकावर होते. हे नाव मुळात कसे घडले आणि इतक्या दूरवर कसे गेले, याची चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

नावात तीन पदे आहेत. 'एल' हा 'देव' या अर्थाचा, अनेक सेमिटिक भाषांत आढळणारा जुना शब्द आहे. सीरियाच्या किनाऱ्यावर उगारित येथे १९२९ पासून सापडत गेलेल्या मृत्तिकापट्टांत तो देवसभेच्या वयोवृद्ध प्रमुखाचे विशेषनाम म्हणूनही येतो. 'ई' हा 'माझा' या अर्थाचा प्रत्यय. 'याहू' हे इस्रायलच्या देवाच्या चार अक्षरी नावाचे, म्हणजे याहवेचे, माणसांच्या नावांत येणारे आखूड रूप. हिब्रूत वर्तमानकाळी 'आहे' या क्रियापदाची गरज पडत नाही, त्यामुळे ही पदे शेजारी आली की पुरे वाक्य होते : 'याहू हाच माझा देव'. आपण मुलाला नारायण किंवा विठ्ठल म्हणतो तेव्हा देवाचे नावच त्याला देतो; प्राचीन हिब्रूत मात्र देवाविषयीचे एक विधान माणसाच्या नावात घालण्याची रीत होती. सध्या रोज वर्तमानपत्रात दिसणारे नेतन्याहू हे आडनावही असेच वाक्य आहे : 'याहूने दिले'.

आता हे विधान कोणाच्या तोंडावर केले गेले ते पाहिले म्हणजे त्याची धार कळते. बायबलातील राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात या नावाचा संदेष्टा कोणतीही पूर्वपीठिका न देता अचानक प्रवेश करतो. गिलादमधला तिश्बी, एवढीच त्याची ओळख. काळ इसवी सनपूर्व नववे शतक, राज्य उत्तरेकडील इस्रायलचे, राजा अहाब. हा राजा काल्पनिक नव्हे. अश्शूरचा (असिरियाचा) राजा तिसरा शल्मनेसेर याच्या कुर्ख येथील शिलालेखात, इ. स. पू. ८५३ च्या कर्कर लढाईतील शत्रूंच्या यादीत, अहाबचे नाव आहे. त्याची राणी ईजबेल ही सिदोनच्या एथबाल राजाची मुलगी. तिच्या माहेरच्या बआल या पर्जन्यदेवाचे मंदिर राजधानी शोमरोनात उभे राहिले. त्यावर एलियाहू येऊन सांगतो, की माझ्या शब्दावाचून या देशात दव पडणार नाही आणि पाऊसही पडणार नाही. पर्जन्यदेवाच्या भक्ताला अवर्षणाची धमकी देणे हा त्या कथेचा खरा डाव आहे. पुढे कार्मेल डोंगरावर बआलाच्या ४५० संदेष्ट्यांशी सामना होतो, आकाशातून अग्नी उतरतो आणि लोक पालथे पडून ओरडतात, 'याहवे हाच देव, याहवे हाच देव'. हा घोष म्हणजे संदेष्ट्याचे नावच, फक्त पदे उलट फिरवलेली. आपल्या बहुतेक मराठी भाषांतरांत याहवेच्या जागी 'परमेश्वर' येत असल्याने ही जुळणी वाचकाच्या लक्षात येत नाही, याची मला नेहमी रुखरुख वाटते.

नाव कथेत इतके चपखल बसते, की ते जन्मनाव नसून कार्यावरून पडलेले बिरुद असावे, अशी शंका काही अभ्यासक घेतात. मला ती पटत नाही, आणि माझे कारण अहाबच्याच घरात आहे. ज्याला ग्रंथकार बआलभक्त म्हणून दोष देतो, त्या राजाच्या मुलांची नावे अहज्याहू आणि यहोराम आहेत, आणि त्या घराण्यातून दक्षिणेकडील यहूदा राज्यात सून म्हणून गेलेल्या राजकन्येचे नाव अथल्याहू. तिन्ही नावांत याहवेच आहे. याचा अर्थ त्या काळी याहूचे नाव मुलाला ठेवणे ही राजवाड्यातही सर्रास चालणारी गोष्ट होती. वाद याहवेला मानावे की नाही हा नव्हताच. वाद होता तो 'हाच' या शब्दाचा, आणि तो शब्द नावात नाही, माणसाने आपल्या वागण्याने त्यात घातला.

पाटीपुस्तक

उत्तम मांडणी. नावांच्या बाबतीत ग्रंथापेक्षा खापरे अधिक भरवशाची असतात, म्हणून त्यांची साक्ष जोडतो.

शोमरोनच्या उत्खननात १९१० साली शाईने लिहिलेली खापरे मिळाली. त्यांवर इ. स. पू. आठव्या शतकाच्या पूर्वार्धातील तेल आणि मद्याच्या सरकारी नोंदी आहेत. कोणत्या गावाहून, कोणाकडून, किती जुने मद्य आले, एवढाच मजकूर. त्यांतील माणसांच्या नावांत अबीबआल, मेरीबआल ही बआलाची नावे आहेत आणि गद्दियाव, शमरियाव ही याहवेची नावेही आहेत. म्हणजे एलियाहूनंतर सुमारे शंभर वर्षांनीही त्याच भूमीत दोन्ही प्रकारची नावे एकाच दप्तरात सुखाने नांदत होती. कार्मेलवरचा निकाल लोकांनी लगेच आणि कायमचा मान्य केला, असे या खापरांवरून तरी दिसत नाही.

दुसरी गोष्ट अधिक मजेची आहे. उत्तरेकडच्या या खापरांवर नावाचा शेवट 'याव' असा होतो, 'याहू' असा नव्हे. 'याहू' हा दक्षिणेचा, म्हणजे यहूदा राज्याचा शेवट. लाखीश येथे १९३५ पासून सापडलेल्या, यरुशलेमच्या पाडावाच्या सुमारास लिहिलेल्या पत्रांत तोच भरलेला आहे. एलियाहू गिलादचा, म्हणजे उत्तरेचा माणूस. तेव्हा त्याच्या गावात त्याला हाक मारताना 'एलियाव' म्हणत असण्याचा संभव बराच आहे. ग्रंथ अखेर दक्षिणेत सिद्ध झाला आणि नाव दक्षिणी वळणाचे होऊन आपल्यापर्यंत आले.

खुद्द बायबलातही एकच लेखन नाही. राजांच्या ग्रंथांत प्रामुख्याने 'एलियाहू' असले, तरी दुसऱ्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात आणि मलाखीच्या अखेरीस 'एलिया' हे तोकडे रूप येते. बाबेलच्या बंदिवासानंतरच्या काळात 'याहू'चा 'या' होण्याकडे कल वाढला; एज्राच्या दहाव्या अध्यायात परदेशी बायका केलेल्यांच्या यादीत याच नावाचे दोन सामान्य गृहस्थ आहेत आणि दोघेही 'एलिया'च आहेत. पुढे जगभर जे पसरले ते बहुतांशी या तोकड्या रूपावरून.

अवांतर : योएल हे नाव म्हणजे हीच दोन पदे उलट क्रमाने, 'यो' अधिक 'एल'. अर्थ तोच. ज्यांना एलायजा लांब वाटते त्यांनी जोएल ठेवायला हरकत नाही.

तर्कटी

एक आक्षेप. 'ई' म्हणजे 'माझा' हे मीमांसक यांनी निःशंकपणे लिहिले आहे. जुन्या सेमिटिक व्यक्तिनामांत दोन पदांच्या मध्ये येणारा 'ई' हा केवळ जोडस्वरही असू शकतो, एखाद्या लोप पावलेल्या विभक्तीचा अवशेष म्हणून. गब्रीएल, दानीएल या नावांतही मधला 'ई' आहे आणि त्याविषयी अगदी हीच चर्चा चालते. तसे मानले तर अर्थ 'याहू देव आहे' एवढाच उरतो आणि 'माझा' हा भक्तीचा स्पर्श त्यातून जातो.

मीमांसक (धागाकर्ता)

तर्कटी, आक्षेप योग्य आहे आणि व्याकरण दोन्ही वाचनांना जागा देते. मी 'माझा'कडे झुकतो याचे कारण म्हणजे ईयोबाच्या ग्रंथातला एलीहू. त्या नावाचा शेवट सर्वनामाचा आहे, 'तो'. 'तो माझा देव' हा अर्थ तिथे सहज लागतो. शिवाय नाव ऐकणाऱ्या हिब्रू माणसाच्या कानाला 'एली' म्हणजे 'माझा देव' हेच प्रथम ऐकू येणार. 'एली, एली' अशी हाक बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीच आहे. व्युत्पत्ती काहीही असो, ऐकणाऱ्यांनी काय ऐकले हेही नावाच्या अर्थात धरावे लागते.

तालमुद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथात एखादा वाद अनिर्णित राहिला की 'तेकू' म्हणून सोडून देतात. त्याचा मूळ अर्थ 'राहू दे' असा आहे, पण परंपरेने त्याची अक्षरे फोडून 'तिश्बी येऊन अडचणी आणि प्रश्न सोडवील' असा खुलासा रचला. तिश्बी म्हणजे हाच आपला एलियाहू. तेव्हा त्याच्याच नावातला 'ई' त्याच्यावरच सोपवू या.

रोमन_लिपी

इंग्रजीत 'ज' कुठून आला, हे अनेकांना पडणारे कोडे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून यहुदी ग्रंथांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले तेव्हा हे नाव 'एलिऊ' झाले, आणि नव्या करारात ते ग्रीक पुल्लिंगी शेवट घेऊन 'एलियास' झाले. लॅटिनने ते तसेच उचलले आणि मध्ययुगीन युरोपभर हेच रूप चालले. फ्रेंचांनी त्याचे एली केले, इटालियनांनी एलिया, हंगेरियनांनी इल्लेश. इंग्लंडमध्ये ते बोलीत झिजून एलिस झाले आणि फ्रेंच 'एली'ला लाडाचा प्रत्यय लागून इलियट तयार झाले. ही दोन्ही पुढे आडनावे झाली. अहमदाबादचा एलिस पूल आणि चेन्नईचा इलियट किनारा ज्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या आडनावांवरून ओळखले जातात, त्या आडनावांच्या मुळाशी हा संदेष्टाच आहे. इलियटच्या बाबतीत काही घराण्यांचे मूळ वेगळ्या जुन्या इंग्रजी नावात असू शकते, पण मुख्य उगम हाच.

धर्मसुधारणेच्या काळात भाषांतरकार लॅटिन सोडून थेट हिब्रूकडे वळले, तेव्हा जुन्या करारात हिब्रूला जवळचे लेखन आले. हिब्रूचा 'य' रोमन लिपीत आय या अक्षराने आणि पुढे त्याच्याच लांबवलेल्या आकाराने, म्हणजे जे या अक्षराने, लिहिला गेला. जर्मन आणि स्कँडिनेव्हियन लोक त्या अक्षराचा उच्चार आजही 'य' करतात. इंग्रजीत फ्रेंच वळणामुळे तो 'ज' झाला. येरुशलायिमचे जेरुसलेम आणि याकोवचे जेकब झाले तसेच एलियाचे एलायजा झाले. गंमत अशी, की १६११ च्या राजमान्य इंग्रजी बायबलात जुन्या करारात एलायजा आहे आणि नव्या करारात ग्रीकवरून आलेला एलायस. ही दोन नावे एकाच माणसाची आहेत हे सामान्य वाचकाला कोणी सांगितल्याशिवाय कळण्याची सोय नव्हती. आजच्या बहुतेक भाषांतरांनी हा घोळ मिटवला आहे.

जाता जाता दोन सारख्या दिसणाऱ्या नावांबाबत सावध करतो. शमुवेलाला वाढवणारा याजक एली याचे नाव हिब्रूत वेगळ्या अक्षराने सुरू होते आणि त्याचा संबंध 'उंच' या अर्थाच्या धातूशी लावतात. त्यात देव नाही. आणि नोबेल मिळालेले लेखक एली वीझेल यांचे मूळ नाव एलिएझेर होते, एलियाहू नव्हे. नोबेल मिळालेला खरा एलियास हवा असेल तर एलियास कानेटी, १९८१.

व्होल्गाकाठ

रशियन शिकताना इल्या हे नाव सतत भेटते. चित्रकार इल्या रेपिन, दंतकथेतला वीर इल्या मुरोमेत्स, आणि लेनिनच्या 'इल्यिच' या पितृनामामागचे त्याचे वडील इल्या उल्यानोव्ह. पण रशियात हे नाव घट्ट रुजले त्याचे कारण ग्रंथांपेक्षा आकाशात शोधावे लागते.

ज्या संदेष्ट्याने पाऊस अडवला आणि पाडला, आकाशातून अग्नी आणला आणि जो अग्निरथातून वर गेला, तो स्लाव्ह शेतकऱ्याला मेघगर्जनेचा धनी वाटला तर नवल नाही. ढग गडगडले की 'इल्या रथातून चालला' असे म्हणण्याची पद्धत गावोगाव होती. ख्रिस्तपूर्व काळातील पेरून या वज्रधारी देवाची जागा लोकमानसात इल्याने घेतली, हे मत बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. त्याचा सण जुन्या पंचांगाप्रमाणे २० जुलैला, म्हणजे आजच्या २ ऑगस्टला येतो, आणि त्या दिवसापासून नदीत पोहू नये अशी समजूत आहे. कीव्हचा राजा व्लादिमीर याने ९८८ च्या सुमारास राज्याचा धर्म बदलला, त्याच्याही चाळीसेक वर्षे आधी, बायझंटाइन सम्राटाशी झालेल्या ९४५ च्या तहाच्या वेळी, कीव्हमधल्या ख्रिस्ती योद्ध्यांनी संत इल्याच्या चर्चमध्ये शपथ घेतली आणि बाकीच्यांनी पेरूनच्या मूर्तीपुढे, असे जुन्या बखरीत नमूद आहे. पर्जन्यदेवाला हरवणारा संदेष्टा शेवटी स्वतःच पर्जन्याचा अधिपती होऊन बसला, हा दैवदुर्विलास ईजबेलला नक्कीच आवडला असता.

ग्रीसमध्ये डोंगरमाथ्यावर पांढरे छोटे देऊळ दिसले तर ते बहुधा 'प्रोफितिस इलियास'चे असते. त्या जागी पूर्वी हेलिओस या सूर्यदेवाची ठाणी होती आणि नावाच्या साधर्म्याने ती इलियासकडे आली, असे सांगतात. मला हा खुलासा गरजेपेक्षा जास्त सुबक वाटतो. कार्मेल आणि होरेब हे डोंगर आणि रथ ज्याच्या कथेत आहेत त्या संताला डोंगर मिळायला सूर्यदेवाची मध्यस्थी लागत नाही.

सागरगोटा

इल्यासचा उल्लेख वर केवळ एका शब्दात उरकला आहे. कुराणाच्या सहाव्या सूरेत (अध्यायात) तो झकरिया, याह्या आणि ईसा यांच्यासोबत सज्जनांत गणला आहे, आणि सदतिसाव्या सूरेत तो आपल्या लोकांना विचारतो, की तुम्ही बआलाला हाक मारता आणि सर्वोत्तम निर्मात्याला सोडता का? म्हणजे अरबीत आल्यावरही नावासोबत मूळ भांडण जसेच्या तसे आले. तिथेच पुढे 'इल यासीन' असे एक रूपही येते. आपल्याकडे भेंडीबाजारापासून मालेगावपर्यंत इल्यास नावाचे लोक भेटतात. त्यांचे नाव आणि डॉ. मोझेस यांचे नाव एकच आहे, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही.

इस्लामी लोकश्रद्धेत इल्यास आणि खिज्र ही न मरणाऱ्यांची जोडी आहे. तुर्कस्तानात आणि बाल्कन प्रदेशात ६ मे रोजी हिदिरेल्लेज नावाचा वसंतोत्सव होतो. 'हिदिर' आणि 'इल्यास' ही दोन नावे एकमेकांत मिसळून तो शब्द बनला आहे. २०१७ साली युनेस्कोने त्याची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. लेबनॉनमध्ये हेच नाव ख्रिस्ती घरांत भरपूर आढळते. १९८९ ते १९९८ या काळातील राष्ट्राध्यक्ष एलियास ह्रावी हे मारोनी ख्रिस्ती होते. केरळातले संत कुरियाकोस एलियास चावरा हेही याच वर्गात येतात. त्यांचा संन्यासी संघ कार्मेलच्या परंपरेतला आणि ती परंपरा एलियाला आपला आद्यपुरुष मानते.

अशदोदकर

मी मूळची रायगड जिल्ह्यातली, लग्नानंतर इस्रायलला आले. आमच्या बेने इस्रायल लोकांचा या नावाशी असलेला संबंध रस्त्याच्या पाटीपेक्षा फार जुना आहे, म्हणून लिहीत आहे.

आमच्या पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही कथा आमच्या घराघरात सांगितली जाते. त्या कथेतही एलियाहू हानाबी, म्हणजे संदेष्टा एलियाहू, येतो. किनाऱ्यावर मूर्च्छित पडलेल्यांना त्याने सावध केले असे मानतात. अलिबाग तालुक्यात सागाव-खंडाळ्याच्या परिसरात एका खडकावर रथाच्या चाकोऱ्या आणि घोड्याच्या टापा उमटल्यासारख्या खुणा आहेत. त्या जागेला 'एलियाहू हानाबीचा टापा' म्हणतात, आणि तो तेथूनच रथातून वर गेला अशी आमची श्रद्धा आहे. ग्रंथाप्रमाणे तो यार्देन (जॉर्डन) नदीपलीकडून गेला, हे आम्हालाही माहीत आहे. पण नवस फेडायला कोकणच्या माणसाला यार्देन लांब पडते.

तू बिश्वात या झाडांच्या सणाला आम्ही 'एलियाहू हानाबीचा उरूस' म्हणत आलो. त्या दिवशी, आणि एरवीही नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात जाताना, मलिद्याचे ताट मांडतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची आणि सुकामेवा यांचा मलिदा, भोवती फळे आणि खजूर, वास घेण्यासाठी सब्जाच्या डहाळ्या. सगळे मिळून एलियाहू हानाबीचे गाणे हिब्रूत म्हणतात, फळांवरचे आशीर्वाद म्हणतात आणि मग ताट फिरते. 'मलिदा' आणि 'उरूस' हे दोन्ही शब्द कोकणातल्या मुसलमान शेजाऱ्यांकडेही आहेत, त्यामुळे सागरगोटा यांनी लिहिलेल्या खिज्र-इल्यासच्या जोडीचा काही धागा इथे जुळत असावा असे मला वाटते. इतर देशांतील यहुदीही एलियाहूला विसरत नाहीत. वल्हांडण सणाच्या रात्री त्याच्यासाठी द्राक्षारसाचा प्याला भरून ठेवतात, सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची मांडतात आणि शब्बाथ संपताना त्याचे गाणे म्हणतात. परंतु नवस आणि फेडणी यांच्या केंद्रस्थानी त्याला बसवणे हे आमचे खास वैशिष्ट्य.

नावाविषयी सांगायचे तर जुन्या काळी आमच्या माणसांची नावे हिब्रूच असत, पण त्यांना मराठी अंगरखा घातलेला असे. अब्राहामचा आबाजी, इसहाकचा इसाजी, शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, आणि एलियाहूचा एल्लोजी. मुंबईत १७९६ साली पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर हे त्यांच्या काळी सामाजी हसाजी दिवेकर होते. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या, जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले, हिब्रू ग्रंथ थेट वाचता येऊ लागला आणि हळूहळू एल्लोजी मागे पडून एलायजा आला. म्हणजे ग्रंथाजवळ जाता जाता नाव हिब्रूऐवजी इंग्रजी उच्चारात गेले. मला स्वतःला एल्लोजी ऐकायला जास्त गोड वाटते.

आमच्याकडे त्या चार अक्षरी नावाचा उच्चार करत नाहीत, प्रार्थनेत 'अदोनाय' म्हणतात. मीमांसक यांनी ते सरळ लिहिले आहे, त्याला माझा आक्षेप नाही. पण एलियाहू, येशायाहू अशा माणसांच्या नावांत त्याचा तुकडा रोज बिनदिक्कत तोंडी येतो. इस्रायलमध्ये एलियाहूला घरात एलीच म्हणतात. अलीकडे एलिया हे रूप मुलींनाही ठेवतात.

न्यूजर्सीवाला

अमेरिकेतल्या प्रसाराविषयी कोणी लिहिलेले नाही, तेव्हा भर घालतो.

सतराव्या शतकात न्यू इंग्लंडमध्ये आलेल्या प्युरिटन लोकांना संतांची नावे नकोशी होती, कारण त्यांना कॅथलिक वास येई. त्यांनी जुन्या करारातून नावे उचलली आणि एलायजा तिथे रुजला. १८३७ साली इलिनॉयमधील ऑल्टन येथे गुलामगिरीविरोधी छापखाना वाचवताना जमावाकडून मारला गेलेला संपादक एलायजा लव्हजॉय हा त्याच परंपरेतला. परंतु या नावाला दुसरे आणि माझ्या मते अधिक जिवंत घर मिळाले ते कृष्णवर्णीय चर्चमध्ये. राजाला तोंडावर सुनावणारा, पळून जाऊन रानात जगणारा आणि अखेर रथातून सुटून जाणारा संदेष्टा गुलामांना आपला वाटला. केंटकीतील गुलामीतून कॅनडात पळालेल्या जोडप्याचा १८४४ साली जन्मलेला मुलगा एलायजा मॅकॉय. वाफेच्या इंजिनांना चालू स्थितीत वंगण देणाऱ्या त्याच्या साधनाला १८७२ साली पेटंट मिळाले. १८९७ साली जॉर्जियात जन्मलेल्या एलायजा पूल यांनी नेशन ऑफ इस्लाम या कृष्णवर्णीयांच्या धार्मिक संघटनेचे नेतृत्व करताना गुलामीचे म्हणून आडनाव टाकले आणि मुहम्मद घेतले, एलायजा मात्र ठेवले. बाल्टिमोरचे काँग्रेस सदस्य एलायजा कमिंग्ज यांचे २०१९ साली निधन झाले.

विसाव्या शतकाच्या मध्यात गोऱ्या समाजात हे नाव आजोबांचे, जुनाट म्हणून बाजूला पडले होते. ते परतले तेव्हा धर्म हे एकमेव कारण राहिले नव्हते. नोआ, आयझाया, जेरेमाया, जोसाया, मायका, एलायजा ही सगळी नावे एकाच लाटेत वर आली आणि त्या सगळ्यांचा शेवट मऊ 'आ'ने होतो. जॉन, मार्क, स्कॉट अशा तुटक नावांचा कंटाळा आलेल्या पालकांना तो शेवट आवडला. एलायजा २०१६ साली नवव्या, २०१९ साली पाचव्या आणि त्यानंतर दोन वर्षे चौथ्या स्थानी होते. २०२४ साली ते आठवे आले. यातली खोच अशी, की आयझाया, जेरेमाया, जोसाया, एलायजा यांतला 'या' किंवा 'जा' म्हणजे तो देव, मायका हेही मूळ मिखायाहूचे आखूड रूप, आणि नोआमध्ये मात्र देवाचा पत्ता नाही. त्याचा शेवट हिब्रूत निराळ्या कंठ्य अक्षराचा आहे. यादी पाहणाऱ्या आईबापांना हा फरक दिसत नाही, कानाला सगळे सारखेच.

इथे मराठी मुलांच्या वर्गात दोन-तीन एलायजा सहज असतात. मुलगा घरी येऊन नाव सांगतो तेव्हा आजी-आजोबा ते 'इलाईजा' असे मुलीचे समजतात, हा अनुभव अनेकांना असेल. मराठीत लिहिताना नेमके काय लिहावे, हे कोणी सांगितले तर बरे होईल.

रोमन_लिपी

माणूस कोणता यावर लेखन ठरवावे. बायबलातला संदेष्टा असेल तर मराठीत एलीया रूढ आहे, आणि बेने इस्रायल संदर्भात एलियाहू. रशियन व्यक्ती असेल तर इल्या, अरब ख्रिस्ती किंवा स्वीडिश असेल तर एलियास. इंग्रजीभाषक व्यक्तीसाठी 'एलायजा' किंवा उच्चाराला आणखी जवळचे 'इलायजा', दोन्ही चालतील. दुसऱ्या अक्षरावर आघात असल्याने पहिला स्वर इंग्रजीत अर्धवटच ऐकू येतो. 'एलिजा' मात्र टाळावे, कारण ते कोणत्याच भाषेतला उच्चार दाखवत नाही आणि एलिझाशी गल्लत होते. एलीयाचा शिष्य अलीशा याचे नाव वेगळे आहे, 'देव तारण आहे' अशा अर्थाचे. इंग्रजी मजकूर भाषांतरित करताना ही दोन नावे हटकून एकमेकांच्या जागी पडतात, तेवढे तपासून घ्यावे.